बोरीबंदरच्या पायथ्याशी नवे स्टेशन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी वारीची हकिगत सांगते, कोणी लोणच्या-पापडाच्या उद्योगाची. यंदा चिटणीसबाईंनी मला धरले. २०२५ च्या दिवाळीत मी मुंबईस जाऊन आले हे त्यांच्या कानी गेले होते. त्या म्हणाल्या, "सिद्धिविनायकाचे, महालक्ष्मीचे काही सांगा." देवदर्शन तर झालेच. परंतु मला सांगावेसे वाटते ते देवळाचे नसून एका रेल्वे स्टेशनाचे आहे. आपल्या म्हसवडला रेल्वे नाही आणि ही बाई स्टेशनावर बोलणार, म्हणून काहीजणी आतापासूनच हसत आहेत. हसा, पण ऐकून घ्या. कारण आपल्यापैकी बहुतेकींच्या घरचे कोणी ना कोणी मुंबईत आहे, आणि या स्टेशनाच्या पायी माझ्या घरात सहा वर्षे अबोला होता.

मुंबईचे बोरीबंदर स्टेशन आपणांस ठाऊक आहे. जुनी माणसे त्याला व्ही. टी. म्हणत. १९९६ साली त्याला छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळाले आणि २०१७ साली त्यात 'महाराज' हा शब्द घातला गेला. साताऱ्याहून, कऱ्हाडहून कोयना गाडीत बसलेला माणूस शेवटी तिथेच उतरे. १६ एप्रिल १८५३ रोजी आपल्या देशातली पहिली उतारूंची गाडी याच बोरीबंदरहून ठाण्यास गेली. तिला तीन इंजिने जोडली होती आणि त्यांची नावे होती साहिब, सिंध आणि सुलतान. त्या वेळी आजची इमारत नव्हती. ती १८७८ साली बांधावयास घेतली आणि पुरी होण्यास दहा वर्षे लागली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा तिचा शिल्पकार. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली म्हणून तिचे नाव दिले. दगडावरचे नक्षीकाम मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी केले. मोर आहेत, माकडे आहेत, पाने-वेली आहेत. फाटकाच्या एका खांबावर सिंह बसला आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्रजांचा आणि वाघ आपला, असे म्हणतात. आणि सगळ्यांत वर, घुमटाच्या टोकावर, एक बाई उभी आहे. तिच्या उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातात चाक. तिला 'प्रगती' म्हणतात. एवढ्या मोठ्या पुरुषी कारभाराच्या डोक्यावर बाई उभी केली, याची मला मौज वाटली.

आपल्याला काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते. आपला राजेवाडीचा तलाव १८७६-७७ च्या दुष्काळाच्या सुमारास हाती घेतलेला. म्हणजे आपल्याकडे उपाशी माणसे भाकरीसाठी तलावाची माती वाहत होती, त्याच्या मागेपुढेच मुंबईत त्या स्टेशनाचे दगड चढत होते. दोन्ही कामे अजून उभी आहेत. २००४ साली त्या स्टेशनाला युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. मग कोणी त्याच्या एका दगडाला धक्का लावायचा नाही.

आता गंमत अशी की, त्याच इमारतीच्या पायथ्याशी जमिनीच्या पोटात दुसरे स्टेशन बांधावयाचे ठरले. अगदी इमारतीखाली नव्हे. तिच्यासमोरच्या मोठ्या रस्त्याखाली. मुंबईची जागा चिंचोळी. दोन्हीकडे पाणी, मध्ये माणसे. लोकलच्या गर्दीचे मी सांगावयास नको. वरून पुलावरून गाडी न्यावी तर त्या सुंदर इमारतींसमोर काँक्रीटचे खांब उभे राहणार. तेव्हा खालूनच जावे असे ठरले. कुलाब्याच्या कफ परेडपासून वांद्र्यावरून आरेपर्यंत साडेतेहेतीस किलोमीटरचा मार्ग, त्यावर २७ स्टेशने आणि त्यांतली २६ जमिनीखाली. खर्च सदतीस हजार कोटींच्या घरात, त्यातला मोठा वाटा जपानकडून कर्जाऊ. हा आकडा मी पाटीवर लिहून पाहिला आणि शून्ये मोजता मोजता सोडून दिला.

हे सगळे मला कसे कळले? माझा भाचा, माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, डिप्लोमा होऊन २०१८ साली याच मार्गाच्या कामावर लागला. त्याचे काम खोदण्याचे नव्हते, मोजण्याचे होते. मी सातवी शिकलेली बाई, त्याने मला चार वेळा समजावले, तेव्हा कुठे ध्यानात आले. जसे समजले तसे सांगते.

आपल्याकडे विहीर खणताना आधी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. मुंबईच्या पोटातही हाच आपला काळा पाषाण आहे. पण तिथे वरच्या थरात समुद्र बुजवून केलेली भर पुष्कळ, आणि पाणी जवळ. म्हणजे खणू लागले की बाजू ढासळणार आणि पाझर सुटणार. शिवाय रस्त्याखाली काय नसते? पाण्याचे नळ, गटारे, विजेच्या तारा, टेलिफोनच्या तारा. त्यांतल्या काही इंग्रजांच्या वेळच्या, कुठून कुठे जातात हे सांगणारा माणूसही उरलेला नाही. आधी ते सगळे हलवायचे. मग जेवढी जागा खणायची तिच्या कडेने जमिनीत काँक्रीटचे खांब एकाला एक लागून उतरवायचे, म्हणजे मातीला भिंत झाली. मग वर लोखंडी फळ्या टाकून रस्ता चालू ठेवायचा आणि फळ्यांखाली खणत जायचे. वरून बस चालली आहे, टॅक्सी चालली आहे, आणि खाली वीस-पंचवीस मीटरांवर माणसे दगड फोडीत आहेत. आपली विहीर इतकी खोल गेली तर आपण पाण्याची आशा सोडतो.

स्टेशन असे वरून खणतात. दोन स्टेशनांमधले भुयार मात्र यंत्र पोखरते. साडेसहा मीटरहून थोडे अधिक व्यासाचे तोंड असलेले ते यंत्र उंदरासारखे आतल्या आत दगड खात पुढे सरकते आणि मागे लगेच काँक्रीटची कडी बसवीत जाते. अशी सतरा यंत्रे या मार्गावर होती आणि त्यांना नद्यांची नावे दिली होती. गोदावरी, वैतरणा, तापी, वैनगंगा आणि आपली कृष्णा. माणगंगेचे नाव कोणाला सुचले नाही. सुचले असते तर यंत्र कोरडे चालले असते, असे माझे यजमान म्हणाले. २०२२ च्या अखेरीस सगळी भुयारे आरपार झाली.

आता भाच्याच्या कामाकडे येते. दगड फुटला की हादरा बसतो आणि माती उपसली की शेजारची जमीन किंचित खचू पाहते. नवे घर ते सोसते. शंभर-सव्वाशे वर्षांची दगड-चुन्याची भिंत सोसेलच असे नाही. म्हणून आजूबाजूच्या जुन्या इमारतींवर छोटी आरशासारखी भिंगे बसवितात आणि दूर उभे राहून दुर्बिणीने त्यांची जागा मोजतात. भिंत केसाएवढी जरी सरकली तरी आकडा बदलतो. जिथे आधीचीच भेग आहे तिथे पट्टी लावून ती रुंदावते का हे पाहतात. हादरा मोजावयास निराळे यंत्र, इमारत कलते का हे पाहावयास निराळे. प्रत्येक आकड्याला मर्यादा घातलेली. एका मर्यादेपाशी सावध व्हायचे, दुसरीपाशी काम बंद करायचे. भाचा मला म्हणाला, "आत्या, सकाळी सहाला उठून मी पहिल्यांदा भिंतींची तब्येत विचारायचो. घरी फोन नंतर." त्याची आई यावरून अजून त्याला बोलते.

एवढे करूनही कुरकूर झाली नाही असे नाही. २०१७ सालच्या ऑगस्टमध्ये त्याच दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या जे. एन. पेटिट या जुन्या ग्रंथालयाच्या माथ्यावरचा एक कोरीव दगड खाली पडला. संस्था उच्च न्यायालयात गेली. कोर्टाने तिथले काम काही काळ थांबविले, जाणकारांकडून तपासणी करविली आणि मगच पुढे जाऊ दिले. कफ परेडकडच्या लोकांनी रात्रीच्या आवाजाविरुद्ध दाद मागितली. तेव्हा रात्री १० ते सकाळी ६ काम करण्यास बंदी झाली होती, ती २०१८ मध्ये सैल झाली. कोणी म्हणतील, अशाने कामे लांबतात. लांबोत. ज्याची झोप मोडते त्याला बोलण्याची जागा हवी.

आणि काळजी घेतली नाही किंवा नशिबाने साथ दिली नाही तर काय होते, हे कलकत्त्यास दिसले. तिथे हावड्याच्या जुन्या रेल्वे स्टेशनाच्या ठिकाणी जमिनीखाली तीस मीटरहून खोल मेट्रोचे स्टेशन बांधले आहे. गाडी तिथून हुगळी नदीच्या पात्राखालून पलीकडे जाते. मार्च २०२४ मध्ये ते सुरू झाले आणि सगळ्यांनी वाहवा केली. पण त्याच मार्गावर बहूबाजार भागात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी यंत्राने जमिनीतला पाण्याचा साठा फोडला, माती वाहून आली आणि वरची घरे खचली. लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावे लागले. त्या तुकड्याचे काम इतके रखडले की पूर्ण मार्ग जोडला जावयास ऑगस्ट २०२५ उजाडला. आपल्या आयाबायांप्रमाणेच तिथल्या बायकांची चूल, डबे, देव्हारा सगळे आत राहिले असणार. मी ते वाचले तेव्हा मला नदीखालच्या गाडीचे कौतुक वाटेनासे झाले.

आता घरचे सांगते. चिटणीसबाईंनी सांगितले होते की घरगुती नको, पण त्याशिवाय हे पुरे होत नाही.

माझे धाकटे दीर गलाईचे काम करतात. माण, खटाव, आटपाडी, खानापूरची किती पोरे सोने-चांदी गाळण्यासाठी देशभर पांगली आहेत हे आपण जाणताच. दीर वयाच्या सतराव्या वर्षी मुंबईस गेले. बोरीबंदरपासून थोड्या अंतरावर एका जुन्या इमारतीत गाळा होता. खाली भट्टी, वर माळ्यावर चौघांची अंथरुणे. वीस वर्षे ते तिथे झोपले. त्या जागेचा रेशनकार्डावर, भाडेपावतीवर, विजेच्या बिलावर कुठेही उल्लेख नाही. होता तो गाळेमालकाचा.

मेट्रोचे काम आले तेव्हा ती इमारत मोजणीत आली. आणि मोजणाऱ्यांत आमचा भाचा. हे दोघे एकमेकांना ओळखणारे, आमच्याच घरी दिवाळीला एका ताटात जेवलेले. सुरुवातीला दीर कौतुकाने सांगत, "आमच्या वैनींचा भाचा दुर्बीण लावून उभा असतो, मी खिडकीतून दात घासत हात करतो." पुढे २०१९ साली असे निघाले की इमारत मुळातच जीर्ण आहे, खाली काम चालू असता माणसे आत ठेवणे बरे नव्हे. ज्यांच्या नावावर जागा होती त्यांची सोय झाली. गाळेमालकाने यादीत आपले एकट्याचे नाव लिहून दिले. माळ्यावर चार माणसे झोपतात हे त्याने लिहिलेच नाही. दीरांना आठ दिवसांत वळकटी उचलावी लागली. भट्टी दुसरीकडे लागली, पण झोपावयास जागा मिळाली ती पार बदलापूरच्या पुढे. जाण्यायेण्यात रोज पाच तास. भरीला भर, दुसऱ्या वर्षी कोरोना आला. ते दहा महिने घरीच बसले.

त्यांनी राग काढला तो गाळेमालकावर नव्हे. त्याच्याकडेच काम करावयाचे होते. राग काढला भाच्यावर. "तूच मोजलीस ना भिंत? तुझ्याच आकड्यानं मला बाहेर काढलं." भाचा म्हणे, "काका, मी आकडा लपवला असता आणि रात्री माळा अंगावर आला असता तर?" दोघांचेही खरे. २०२२ साली माझ्या मुलीचे लग्न झाले. दीर एका पंगतीला बसले, भाचा दुसऱ्या. मी मध्ये. सासरचे म्हणत माहेरची बाजू घेते, माहेरचे म्हणत सासरला भिते. आपल्यापैकी ज्या या मधल्या जागी उभ्या राहिल्या आहेत त्यांना अधिक सांगावयास नको.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या मार्गाचा शेवटचा टप्पा, म्हणजे वरळीपासून कफ परेडपर्यंतचा, पंतप्रधानांच्या हस्ते खुला झाला आणि दुसऱ्या दिवसापासून लोक जाऊ-येऊ लागले. भाऊबीजेला मी मुंबईस धाकट्या भावाकडे होते. मी दोघांनाही निरोप धाडला की मला ते नवे स्टेशन पाहावयाचे आहे, न्यावयास या. दुसरा येणार आहे हे मी कोणालाच सांगितले नाही. लबाडी केली, कबूल करते.

दोघे बोरीबंदरच्या फाटकापाशी, त्या वाघाच्या खांबाखाली भेटले. दीरांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "वैनी, हे बरं न्हाय केलं." पण मला तिथे एकटी सोडून जाणे त्यांना जमेना. तसेच तिघे खाली उतरलो.

काय सांगू भगिनींनो! सरकते जिने एकाखाली एक. माझा गुडघा धरलेला, म्हणून मी लिफ्टने गेले. खाली लख्ख उजेड, गार हवा, फरशीवर कागदाचा कपटा नाही. तिकीट म्हणजे एक चिठ्ठी, तिच्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला, तो यंत्राला दाखवला की फाटक उघडते. फलाटाच्या कडेला उंच काचेची भिंत. गाडी थांबली की गाडीचे आणि भिंतीचे दार एकदम उघडते; पोर रुळावर पडण्याची भीतीच नाही. एक खोड मात्र होती. खाली फोन लागत नव्हता. भाऊ वर वाट पाहतो आहे आणि आम्ही जिवंत आहोत हे कळविण्याची सोय नाही.

भाचा हळूहळू बोलू लागला. ही भिंत अशी, तो खांब तसा. दीर दोन पावले मागून चालत होते, पण ऐकत होते. मी विचारले, "वरची ती बाई, घुमटावरची, तिला काही झालं नाही ना रे?" तो हसून म्हणाला, "आत्या, तुझी प्रगती जागच्या जागी आहे."

मग मी हट्ट धरला की गाडीत बसावयाचे. दहा रुपयांचे तिकीट काढून पुढचे स्टेशन गाठले, काळबादेवी. दोन मिनिटे लागली असतील. तिथे उतरल्यावर दीर एकाएकी थांबले. वर छताकडे पाहू लागले, मग डावीकडे चार पावले गेले, मग उजवीकडे. लोक त्यांना वळसा घालून जात होते. शेवटी एका जागी उभे राहून म्हणाले, "हितंच कुठंतरी आसंल. भट्टी आन् आमची अंथरुणं. बरोब्बर डोक्यावर." भाच्याने मनाशी काही हिशेब केला. म्हणाला, "नाही काका, अजून थोडं तिकडं." आणि हाताला धरून त्यांना दहा-बारा पावले पुढे नेऊन उभे केले.

दोघेही वर पाहत राहिले. वर पांढरे छत होते आणि दिवे. थोड्या वेळाने दीरांनी विचारले, "किती हालली व्हती रं आमची भिंत?"

"शेवटच्या दिवशी अकरा मिलिमीटर. मर्यादा दहाची होती."

दीरांनी अंगठा आणि बोट एकमेकांजवळ आणून तेवढे अंतर धरून पाहिले. "एवढुसं," म्हणाले. "आन् मी वर घोरत व्हतो." मग खिशातून पाकीट काढून भाच्याला म्हणाले, "चल, वर कुठं च्या मिळतो का बघ. वैनींचा गुडघा दुखतोय, त्यांना लिफ्टनं आण."

आता त्यांना झोपावयास अजून बदलापूरच्या पुढेच जावे लागते. मेट्रो तिकडे जात नाही. भाचा सध्या ठाण्याकडे दुसऱ्या कामावर आहे. त्याने दीरांच्या गाळ्यातल्या चौघांची नावे, किती वर्षे राहिले ते, आणि साक्षीला कोण कोण आहे ते सगळे कागदावर लिहून घेतले आहे. गाळेमालकाकडून आता काही निघेल की नाही, देव जाणे. अर्ज मीच माझ्या अक्षरात लिहिला, दोन प्रती केल्या आणि त्यांतली एक इथे पेटीत ठेवली आहे. ज्या कोणाच्या घरचे माणूस असे दुसऱ्याच्या गाळ्यात, दुसऱ्याच्या नावाखाली राहत असेल, तिने सभा संपल्यावर मला भेटावे. नमुना दाखवीन.